पुन्हा पहिला दिवस

रागिणीचं लग्न जुळलं तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूने, सुभद्राबाईंनी, तिच्या रंगाचा विषय दोनदा काढला होता. पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा तक्रार म्हणून, "पोरगी सावळीच हाय." आणि दुसऱ्यांदा होकार कळवताना उपकार म्हणून, "सावळी हाय, पण आमी चालवून घेऊ." तेल्हाऱ्याच्या त्या घरात रागिणीची आई लीलाबाई दोन्ही वेळा हात जोडूनच उभी होती. पोरगी गणितात एम.एस्सी. झालेली, दहावीला तालुक्यातून पहिली आलेली. पण त्या दिवशी ती गोष्ट कोणाच्या तोंडून निघाली नाही. लीलाबाईच्याही नाही.

लग्न होऊन रागिणी अमरावतीला आली. राजापेठेतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर. सासरे नव्हते. घरात सुभद्राबाई, नवरा नितेश आणि धाकटी नणंद प्रणाली. नितेशचं खता-बियाण्याचं दुकान होतं. खालच्याच गल्लीत धांडे सरांचे क्लासेस होते, तिथे रागिणी आठवी-नववीला गणित शिकवायला जाऊ लागली. फळ्यासमोर उभी राहिली की तिला दुसरं काही आठवत नसे. पोरं तिला घाबरत नव्हती, आणि तरी तिच्या तासाला गप्प बसत.

इमारतीतल्या बायका नवरात्रात रोज ठरलेल्या रंगाची साडी नेसून जिन्यावर फोटो काढत. पहिल्या वर्षी रागिणीही नेसली. जांभळ्या रंगाच्या दिवशीचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा खाली कोणीतरी लिहिलं होतं, "रागिणी कुठे आहे? लाइट लावा गं कोणीतरी." त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. रागिणीने आधी फोन पालथा ठेवला. मग उचलला आणि तिनेही एक हसणारा चेहरा टाकला. न टाकून करणार काय? राग आला म्हटलं असतं तर पुढचे आठ दिवस त्याचीच चर्चा झाली असती.

दुसऱ्या दिवशी प्रणाली तिला वैजूताईच्या पार्लरमध्ये घेऊन गेली.

"वहिनी, आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्या इथूनच नेतात," प्रणाली म्हणाली. "मी दोन वर्षांपासून लावून राहिली. पाह्य ना माह्याकडे."

प्रणालीचा चेहरा खरंच दुधासारखा होता. वैजूताईने टेबलाच्या खणातून एक पांढरी डबी काढून दिली. डबीवर नाव नव्हतं, की आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं. "डॉक्टरी फॉर्म्युला हाय," ती म्हणाली. "रोज झोपताना लावायची. खाडा नाही करायचा."

पंधरा दिवसांत रागिणीचा रंग उघडला. महिन्याभरात सुभद्राबाई पाहुण्यांसमोर तिला हाक मारून बोलवू लागल्या. नितेश एकदा गाडी चालवता चालवता आरशात बघून म्हणाला, "मस्त दिसून राहिली तू आजकाल." पुढच्या नवरात्रातल्या फोटोत रागिणी कुठे आहे हे शोधावं लागलं, कारण सगळ्या सारख्याच दिसत होत्या. तिला त्याचं बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं होतं.

दीड वर्ष असं गेलं. मग मार्चमध्ये ऊन तापू लागलं तसे तिचे गाल चुरचुरायला लागले. क्लासपर्यंत चालत गेलं तरी तोंड तांबडंलाल होई. गालांवर बारीक लव आली आणि कातडीखाली लाल रेघा दिसू लागल्या. एक रात्र डबी संपलेली होती म्हणून क्रीम लावली नाही, तर सकाळी डोळ्यांखाली सूज. तिने कोणाला न सांगता एक कातडीची डॉक्टर गाठली.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून गाल बघितले आणि खुर्चीवर मागे टेकल्या. "किती दिवस लावताय?"

"दीड वर्ष."

"ही क्रीम नाही, औषध आहे. स्टेरॉइड. चेहऱ्याला याचं व्यसन लागतं. आता सोडावं लागेल. सोडलं की चेहरा आधी चवताळेल, मग हळूहळू शांत होईल. कोणाला तीन महिने लागतात, कोणाला सहा, कोणाला वर्ष."

"मधे कधी एखादा दिवस लावली तर? नणंदेचं लग्न आहे मे महिन्यात."

"एकदा जरी लावलीत तरी पुन्हा पहिला दिवस."

रागिणीने घरी येऊन डबी कचऱ्यात टाकली आणि हिशेबाच्या सवयीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक एक आकडा घातला.

पाचव्या दिवशी चेहरा चवताळला. भाजल्यासारखा. उशीचा अभ्रा गालाला लागला तरी ओरडावंसं वाटे. पाण्याने धुतलं तर आग, वारा लागला तर आग. कातडी सुटून कोंड्यासारखी गळायची, त्याखालून पिवळसर पाणी यायचं. डॉक्टरांनी दिलेलं साधं मलम आणि गोळ्या, एवढंच. रागिणी पंख्याखाली ओला रुमाल धरून बसे आणि मनात पाढे म्हणे, सतराचा, एकोणीसचा, तेवीसचा.

सुभद्राबाई पहिले दोन दिवस घाबरल्या, तिसऱ्या दिवशी चिडल्या. "चांगलं भलं तोंड होतं. कोण्या डॉक्टरच्या नादी लागली हे! बिल्डिंगमधल्या पंचवीस बाया लावून राहिल्या, त्यायले काहून नाही होत?"

"त्यांनी सोडली की त्यांनाही होईल, आई."

"मंग सोडाचीच कायले?"

याला रागिणीजवळ उत्तर होतं, पण ते सुभद्राबाईंना पटण्यासारखं नव्हतं. ज्या चेहऱ्याला दर रात्री घाबरून लेप लावावा लागतो तो आपला नाही, एवढंच तिला वाटत होतं. आपला कुठे गेला तेही आता तिला आठवत नव्हतं.

अठराव्या दिवशी धांडे सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. सर वाईट नव्हते. बोलताना त्यांनी टेबलावरचा पेन तीनदा इकडून तिकडे ठेवला. "मॅडम, पालक विचारतात. लागण वगैरे... मला माहीत आहे तसं नाही. पण आजूबाजूला इतके क्लासेस आहेत, पोरं दुसरीकडे जायला वेळ नाही लागत. तुम्ही मास्क लावा, नाहीतर बरं वाटेपर्यंत आराम करा."

मास्कच्या आत तोंड शिजत होतं. तिने चार दिवस मास्क लावून शिकवलं, आणि पाचव्या दिवशी भूमितीचं प्रमेय अर्धं सोडून ती बाथरूममध्ये जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. त्या दिवसापासून तिचा आराम सुरू झाला.

इमारतीच्या ग्रुपवर कोणी तिचं नाव काढत नव्हतं. जिन्यात भेटल्या की बायका बाजूला सरून वाट देत. फक्त पहिल्या मजल्यावरची एक जण एकदा हळूच म्हणाली, "मलाही खाज येते वो. पण सोडायची हिंमत नाही होत." पाठीमागून कोणी येताना दिसलं तशी ती मोठ्याने आंब्यांचा भाव सांगू लागली.

लग्नाची तारीख जवळ येत होती. मुलगा अकोल्याचा, लग्नही अकोल्यालाच. आदल्या दिवशी हळद, सगळ्यांना पिवळे कपडे. लग्नाला घरातल्या बायकांना एकाच गुलाबी रंगाच्या पैठण्या. फोटोवाला, ड्रोनवाला. एके संध्याकाळी नितेश तिच्याशेजारी येऊन बसला.

"माझं म्हणणं तू समजून घे," तो म्हणाला. "मी तुला कधी काही बोललो नाही. पण तिकडची मंडळी मोठी आहे. उद्या ते म्हणतील, या घरात काही आजार आहे. प्रणालीलाही असेल. फक्त चार दिवस लाव. लग्न झालं की सोड, मी काही म्हणणार नाही."

"चार दिवस लावली तर माझे तीस दिवस वाया जातात."

"तीसच ना? परत तीस होतील."

"तुम्ही एक रात्र माझ्या जागी झोपा," रागिणी म्हणाली. "मग बोला."

नितेश उठून गेला. दारात थांबून म्हणाला, "मग तू हळदीला नको येऊ. लग्नाला मागे बसशील." आणि ते बोलल्याची लाज वाटून, की काय, त्याने तिच्यासाठी फ्रीजमधून बर्फ आणून ठेवला.

लग्नाच्या आठ दिवस आधी लीलाबाई तेल्हाऱ्याहून आली. लेकीचं तोंड बघून ती दारातच खाली बसली. त्या रात्री स्वयंपाकघरात सुभद्राबाई तिच्याशी हळू आवाजात बराच वेळ बोलत होत्या. रागिणीला शब्द ऐकू आले नाहीत. लीलाबाई आत आली तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, "माय वो, कोणतं मलम लावतं तू? आन, मी लावून देतो. तुले आरशात पाहाची गरज नाही."

त्यानंतर रोज झोपताना माय तिच्या तोंडाला मलम लावत असे. खरखरीत बोटं, पण स्पर्श पिसासारखा. रागिणी डोळे मिटून पडून राही. दीड महिन्यात तिच्या चेहऱ्याला कोणी न घाबरता हात लावला नव्हता.

आणि तिसऱ्या दिवसापासून आग कमी झाली. चौथ्या दिवशी सूज उतरली. सहाव्या दिवशी रागिणी आरशासमोर उभी राहिली आणि तिला रडू कोसळलं. कातडी शांत होती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, कोणाला तीन महिने लागतात. तिला दीडच महिना लागला होता. आपण टिकलो. एकटीने, सगळ्यांच्या विरुद्ध, आपण टिकलो. तिने मायच्या गळ्यात हात टाकले. लीलाबाई म्हणाली, "देवाची कृपा, माय," आणि तोंड फिरवलं.

हळदीला रागिणी गेली. पिवळी साडी नेसून पहिल्या रांगेत उभी राहिली. "पाहा, झाली की नाही बरी!" सुभद्राबाई सगळ्यांना सांगत होत्या. अकोल्याच्या त्या उन्हात, मंडपात कूलर घोंगावत असताना, नितेशने लग्नाआधी हसायचा तसा हसून तिच्या गालाला हळद लावली.

लग्नाच्या दिवशी सकाळी पदराला लावायला पिन हवी होती म्हणून रागिणीने मायची पिशवी उघडली. नऊवारीच्या घडीत, देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीजवळ पांढरी डबी होती. अर्धी वापरलेली. तिच्याच शेजारी डॉक्टरांच्या मलमाची ट्यूब, जवळजवळ तशीच्या तशी.

लीलाबाई न्हाणीघरातून केस पुसत बाहेर आली आणि लेकीच्या हातात काय आहे ते बघून जागच्या जागी थांबली.

"माय, हे काय आहे?"

लीलाबाईने हातातला पंचा तोंडाशी धरला.

"तू मला हे लावत होती? रोज?"

"तुयी सासू म्हने, लग्न झालं की हिले माहेरी नेऊन टाका. बरी झाली तर पाहू. अशी बाई घरात ठेवून पोराची जिंदगी खराब करू का म्हने." लीलाबाईचा आवाज चिरकत होता. "मी काय करू मंग? तुया बाप असता तं गोष्ट वेगळी होती. मले तुयं घर वाचवाचं होतं."

"मी बरी झाले असं समजून मी रडले होते, माय. तुझ्या गळ्यात पडून."

"मले समजलं नाही का ते? माह्या कायजाचं पाणी झालं. पण लोकायसारखं राहावं लागते बाई. आपन लहान मानसं. येगळं राहाची आपली ताकत नाही."

रागिणीला रागवायचं होतं. पण समोर राग धरण्यासारखं कोणी नव्हतं, फक्त ओले केस खांद्यावर सोडलेली एक म्हातारी होती. ती पलंगाच्या कडेवर बसली. सात रात्री. पुन्हा पहिला दिवस. ती सगळी आग, ते पाणी, तो पंखा, ते पाढे पुन्हा पहिल्यापासून. आणि या वेळी कोणाला सांगणार? सगळ्यांनी तिला बरी झालेली पाहिली होती. आता तोंड चवताळलं की म्हणणार, हिनेच काहीतरी केलं.

बाहेर फोटोवाला हाका मारत होता. ती गुलाबी पैठणीत जाऊन उभी राहिली. सगळे फोटो चांगले आले.

वरमाळेच्या थोडं आधी प्रणालीने खोलीतल्या इतर मुलींना काहीतरी निमित्ताने बाहेर पाठवलं आणि रागिणीचा हात धरला. मेकअपच्या थराखाली तिचे डोळे भेदरलेले होते.

"वहिनी, खरं सांग. मी बंद केली तर माझंही तसंच होईल?"

रागिणी तिच्या मुंडावळ्यांकडे बघत राहिली. आजच्या दिवशी तरी खोटं बोलावं, असं तिला वाटून गेलं. पण गेल्या सात दिवसांत खुद्द रागिणीशीच पुरेसं खोटं बोलून झालं होतं.

"होईल," ती म्हणाली. "पण मी असेन. मी तुझ्याजवळ येऊन राहीन."

प्रणालीने हात सोडला. "मी बॅगेत तीन डब्या ठेवल्या आहेत," ती म्हणाली, आणि बाहेर बँड वाजायला लागला.

अमरावतीला परतल्यावर चौथ्या दिवशी रागिणीचा चेहरा पुन्हा पेटला, आधीपेक्षा जास्त. लीलाबाई तेल्हाऱ्याला निघून गेली होती. सुभद्राबाईंनी कपाळाला हात लावला. नितेशने गाडी भाड्याने घेऊन तेल्हाऱ्याला सोडून यायची भाषा केली.

"मी जाणार नाही," रागिणी म्हणाली. "ज्याला बघवत नसेल त्याने बघू नये."

"काहून असा हट्ट करतेस तू?" नितेश ओरडला. त्याचा आवाज फुटला होता. "सगळं जग एकीकडे आणि तू एकीकडे! काय मिळून राहिलं तुला?"

काय मिळत होतं? तिला खरंच माहीत नव्हतं. काही मिळेल म्हणून ती हे करत नव्हती. परत जायची वाट तेवढी तिला दिसत नव्हती. नितेश आपली गादी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला. त्या दिवसापासून घरात तिच्याशी कामापुरतं बोलणं राहिलं. धांडे सरांनी निरोप पाठवला की जूनपासून नवीन मॅडम ठेवल्या आहेत. रागिणीने निरोप वाचला आणि कणीक मळायला घेतली. मळता मळता तिचे हात थांबले आणि ती तशीच, पिठाच्या हातांनी, फरशीवर बसून राहिली. उठवायला कोणी आलं नाही.

क्रीम पुन्हा सुटून सोळा दिवस झाले असतील. भर दुपारी प्रणालीचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"वहिनी, दोन डब्या संपल्या. तिसरी कुठे गेली समजून नाही राहिली, कोणी फेकली की काय. वैजूताई फोन उचलत नाही. दोन दिवसांपासून तोंडाची आग होऊन राहिली. माझ्या सासूबाई विचारतात, काय झालं म्हणून. वहिनी, तू एक डबी आणून दे ना. तुझ्या पाया पडते."

रागिणी वैजूताईच्या पार्लरसमोरून गेली. ते उघडं होतं. ती आत गेली नाही. डॉक्टरांकडून तिने प्रणालीसाठी साधं मलम घेतलं, काय काय करायचं ते एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, पहिल्या आठवड्यात काय होईल, दुसऱ्यात काय, कधी घाबरायचं नाही आणि कधी दवाखान्यात जायचं, आणि अकोल्याची बस पकडली. तोंडाला फडकं सहन होत नव्हतं, म्हणून बांधलं नाही. शेजारी बसलेली बाई मूर्तिजापूरला जागा रिकामी होताच उठून पुढे गेली.

प्रणालीचं सासर एका नव्या वसाहतीत होतं. रागिणीने बेल वाजवली. दार प्रणालीनेच उघडलं. तिच्या गालांवर लाली चढायला लागली होती, अजून पावडरखाली झाकता येईल एवढीच. तिने रागिणीकडे पाहिलं. सोललेला, सुजलेला, ठिकठिकाणी पाणी सुटलेला चेहरा. तिचा हात नकळत आपल्या गालाकडे गेला.

"आणली?" तिने ओठांनीच विचारलं.

रागिणीने नकारार्थी मान हलवली आणि मलम व कागद पुढे केला. "हे आणलं. आपण दोघी मिळून—"

"कोण आहे प्रणाली?" आतून सासूचा आवाज आला. चपलांची चाहूल दाराकडे येऊ लागली.

प्रणालीने एकदा मागे पाहिलं, एकदा रागिणीकडे.

"कोणी नाही, आई," ती म्हणाली. "एक बाई पत्ता विचारून राहिली."

आणि दार लावलं. जोरात नाही. हळूच, आवाज न करता.

 रागिणीने मलम आणि कागद दाराशेजारच्या तुळशीच्या कुंडीमागे ठेवला आणि चालायला लागली. ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. बसस्टँडपर्यंत रिक्षा करायचं तिला सुचलं नाही. पोचली तेव्हा चेहऱ्यावरून घाम की पाणी काय वाहतंय ते कळत नव्हतं. बाकावर एका टोकाला बसून ती तोंडाने श्वास घेत राहिली. दोन घरं होती तिची, एक अमरावतीला आणि एक तेल्हाऱ्याला, आणि दोन्हीकडे जाणाऱ्या गाड्या समोर लागलेल्या होत्या. कोणत्या गाडीत बसावं हे तिला ठरवता येईना. अमरावतीच्या दोन गाड्या भरून निघून गेल्या.

मग फोन वाजला. प्रणालीचा निरोप होता.

"वहिनी, मला माफ कर. कागद मिळाला. खरंच किती दिवस लागतात?"

रागिणीने तो तीनदा वाचला. कातडी ताणली जात होती म्हणून रडताही येत नव्हतं. सावकाश तिने एक-एक अक्षर लिहिलं,

"मला माहीत नाही. मला अजून संपलेलं नाही."

निरोप गेला. पलीकडे वाचल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही. रागिणी फोन हातात धरून बसून राहिली, आणि अमरावतीची तिसरी गाडी फलाटाला लागली.